ज्योतिष शिकायला सुरुवात कुठून करायची: आधी आकाश, मग पंचांग, मग कुंडली, आणि फलित सगळ्यांत शेवटी

रविवारी सकाळी माझ्या पडवीत चार-सहा जण ज्योतिष शिकायला येतात. नव्याने आलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सप्तमात शनी असला की लग्न उशिरा होतं ना?" मी उलट विचारते, "आज तिथी कोणती? चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे?" मग सगळे एकमेकांकडे बघतात.

मोबाइलवर कुंडली मिनिटात निघते आणि फलिताचे, म्हणजे भविष्य सांगण्याचे, व्हिडिओ हवे तेवढे मिळतात, म्हणून माणूस मधूनच सुरुवात करतो. चूक मात्र बहुधा फलिताच्या आधीच झालेली असते: वेळ लिहून घेताना, पंचांग निवडताना, चौकटीतला आकडा वाचताना. पुढचं सगळं त्या चुकीवर उभं राहतं. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. रोज अर्धा तास दिलात तर पहिल्या पाच टप्प्यांना साधारण सहा महिने लागतात. घाई करणाऱ्यांना जास्त लागतात, कारण त्यांना मागे यावं लागतं.

आधी काय जमवायचं

चालू वर्षाचं छापील पंचांग घ्या. भिंतीवरची दिनदर्शिका सणवारांना पुरते, पण रोजचे स्पष्ट ग्रह, म्हणजे कुठला ग्रह कुठल्या राशीत किती अंशांवर आहे, ते पंचांगातच मिळतं. दोन वह्या, पेन्सिल, खोडरबर. पुस्तक एकच. पाच पुस्तकं आणलीत तर पाच मतं मिळतील आणि पहिल्या महिन्यातच डोकं फिरेल. घरातल्या पाच माणसांच्या जन्मवेळा, शक्यतो कागदावर असलेल्या. जगन्नाथ होरासारखी मोफत संगणकप्रणाली किंवा एखादं ॲप ठेवा, पण पाचव्या टप्प्यापर्यंत उघडू नका.

टप्पा १: चंद्र डोळ्यांनी बघा

जून ते सप्टेंबर कोकणात आकाश दिसतच नाही. हा टप्पा कोजागिरीनंतर धरा. किनाऱ्यावर पश्चिम क्षितिज स्वच्छ मिळतं, द्वितीयेची कोर तिथेच छान दिसते. पूर्वेला मात्र डोंगर आडवा येतो आणि उगवणारं नक्षत्र उशिरा वर येतं. गावाजवळ सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, असेल तर तिथे जा, चारी बाजू मोकळ्या मिळतात. पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच; कातळावर फुरसं, हा विषारी साप, असतं.

एक महिना रोज वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, चंद्राजवळ दिसलेला ठळक तारा, आणि पंचांगातलं चंद्रनक्षत्र. सगळी सत्तावीस नक्षत्रं ओळखायची गरज नाही. कृत्तिकांचा पुंजका, तांबूस रोहिणी, मृग, मघा, चित्रा, ज्येष्ठा एवढी पुरे. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे १० अंश व्यापते. कालच्या जागेपासून मूठभर आणि वर दोन बोटं पुढे चंद्र सापडला की एक नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला (६० कलांचा एक अंश) हे पुन्हा पाठ करावं लागत नाही. कृष्णपक्षात चंद्र उशिरा उगवतो, तेव्हा पहाटे बघा.

समुद्राकाठी राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटी, हे बंदरावरच्या पोरालाही ठाऊक असतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. महिनाभर हा हिशोब करून बघा, तिथी अंगवळणी पडते.

*सावध:* मिरग (मृग) ७-८ जूनला लागतो, आपण राखणदाराला राखण देतो, ते सूर्याचं नक्षत्र. जन्मनक्षत्र चंद्राचं असतं. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, चंद्र जेमतेम एक दिवस. "मी मिरगात जन्मलो, म्हणजे माझं नक्षत्र मृग" असं सांगणारा मला दर वर्षी एक तरी भेटतो.

टप्पा २: पंचांग वाचायला शिका

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं. सुरुवातीला पहिली तीनच धरा.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर, दर १२ अंशांना एक. तारखेसमोर छापलेली तिथी सूर्योदयाची असते आणि तिच्यापुढची वेळ ती *संपण्याची* असते. बहुतेक जण इथेच घसरतात. पंचांगात सप्तमी १०:४० पर्यंत दिली असेल आणि जन्म दुपारी एकचा असेल, तर तिथी अष्टमी. नक्षत्राचंही तसंच.

वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. सोमवारच्या रात्री दोन वाजता मूल झालं तर तारीख मंगळवारची, पण पंचांगाच्या हिशोबाने वार सोमवारच. घरातले "सोमवारी झाला" म्हणतात ते बरोबर असतं. मग कोणीतरी तारीखही सोमवारची टाकतो आणि चंद्र एक नक्षत्र मागे जातो. सूर्योदयापूर्वीचा जन्म असला की त्या ओळीखाली लाल रेघ मारून ठेवा.

आता कोकणातला खास घोळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत. अधिक मास वेगळा पडला की त्यांचे गणपती शेजाऱ्यांच्या आधी महिनाभर येतात, हे आपण पाहिलेलं आहे. कारण अयनांश. राशिचक्र आकाशात नेमकं कुठून मोजायचं, याबद्दल चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाचा रेवतीपक्ष यांच्यात सुमारे ४ अंशांचा फरक आहे. नक्षत्राचं एक चरण, म्हणजे चौथा भाग, ३ अंश २० कलांचं; फरक त्या चरणापेक्षाही जास्त. आजोबांच्या जुन्या पत्रिकेत नक्षत्र एक आणि मोबाइलवर दुसरंच निघालं, तर आधी ती पत्रिका कुठल्या पंचांगावरून केली ते बघा.

कुठलं खरं, या वादात पहिल्या वर्षी पडू नका. मी नवशिक्यांना चित्रापक्ष घ्यायला सांगते, कारण बहुतेक पंचांगं आणि प्रणाली त्यावरच चालतात. जो घ्याल तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वर्षभर बदलू नका.

*ताळा:* पंचांग न उघडता आजची तिथी आणि चंद्ररास सांगा, मग उघडून बघा. सलग दहा दिवस जमलं की पुढे चला.

टप्पा ३: जन्मवेळ पक्की करा

हा सगळ्यांत कंटाळवाणा टप्पा आणि सगळ्यांत महत्त्वाचा. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दर चार मिनिटांना एक अंश पुढे सरकते. पाव तासाची चूक म्हणजे चारेक अंश.

माझ्याच पत्रिकेवर "६-२०" एवढंच लिहिलेलं होतं. मी सकाळ धरली आणि दोन वर्षं स्वतःच्या कुंडलीवर अभ्यास केला. स्वभाव, शिक्षण, सगळं त्यात बसवलंसुद्धा. एकदा आईला सहज विचारलं. ती म्हणाली, "अगं, दिवेलागण होती. काकू तुळशीपुढे दिवा लावून आत आल्या आणि तू झालीस." लग्न थेट सातव्या राशीत गेलं. दोन वर्षं मी भलत्याच लग्नाची लक्षणं स्वतःत पाहत होते.

म्हणून वेळ विचारताना आकड्यावर थांबू नका. उजेड होता का? पहिली एसटी गेली होती का? जेवणं झाली होती का? दवाखान्याचा कागद असेल तर तो आधी, मग त्याच दिवशी केलेली नोंद, मग आठवण. रात्री १२ च्या आसपासचा जन्म असेल तर तारीख दोनदा विचारा.

जुन्या पत्रिकेत वेळ घटी-पळांत असते, सूर्योदयापासून मोजलेली. घटी म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. "इष्ट घटी १०" असेल आणि त्या दिवशी गावचा सूर्योदय ६:१५ चा असेल, तर २४० मिनिटं मिळवून जन्म सकाळी १०:१५ चा. पंचांगात छापलेला सूर्योदय कुठल्या शहराचा आहे, हे मात्र आधी पाहून घ्या.

आजी-आजोबांच्या पत्रिका करायला घेतल्यात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पूर्वी मुंबई टाइम चालत असे, भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १९५५ पर्यंतच्या जन्मात हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं एक तास पुढे होती.

*सावध:* प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची आहे. रत्नागिरी सुमारे ७३ अंश १८ कलांवर. फरक ९ अंश १२ कला. अंशाला चार मिनिटं धरली की आपली स्थानिक वेळ जवळपास ३७ मिनिटं मागे. हे समजून घ्या, पण प्रणालीत वेळ भरताना स्वतः वजा करू नका. गाव दिलंत की ती स्वतःच वजा करते. दोनदा वजाबाकी झालेल्या कुंडल्या मी ढिगाने पाहिल्यात.

टप्पा ४: एक कुंडली हाताने मांडा

वरचंच उदाहरण घेऊ. जुलैअखेर, रत्नागिरी, सूर्योदय ६:१५, जन्म १०:१५. पंचांगातून रवी कर्केच्या १० अंशांवर, चंद्र तुळेच्या ८ अंश ४० कलांवर.

आधी लग्न. सूर्योदयाला रवी क्षितिजावर असतो, म्हणजे तेव्हा लग्नही कर्केचे १० अंश. चार तास झाले, दर चार मिनिटांना एक अंश, म्हणजे ६० अंश पुढे. रास ३० अंशांची; कर्क १० पासून ६० अंश मोजले की कन्या १०. कन्या लग्न. हा ढोबळ हिशोब आहे, कारण सगळ्या राशी सारख्या वेगाने उगवत नाहीत. काही अंशांचा फरक येणारच.

आता आकृती. चौकोन काढा, दोन्ही कर्ण मारा, चार बाजूंचे मध्यबिंदू जोडा. बारा घरं मिळतात. वरचं मधलं घर पहिलं स्थान, त्यात कन्येचा आकडा ६ (मेष १, वृषभ २, असं मोजत). तिथून *डावीकडे* चला: दुसऱ्या घरात ७, तिसऱ्यात ८, असं करत १२ नंतर पुन्हा १. रवी कर्केत, म्हणजे जिथे ४ लिहिलाय तिथे. तो उजवीकडच्या वरच्या घरात येतो, हे अकरावं स्थान. चंद्र तुळेत, ७ लिहिलेल्या घरात, म्हणजे दुसऱ्या स्थानात.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच. चौकटीतला आकडा रास सांगतो, स्थान सांगत नाही. ७ दिसला की "सप्तमात चंद्र, लग्नाचं बघा" म्हणून मोकळे होतात. स्थान नेहमी वरच्या मधल्या घरापासून मोजायचं. पहिल्या दहा कुंडल्यांत घराच्या कोपऱ्यात स्थानाचा क्रमांक पेन्सिलीने बारीक लिहा, नंतर खोडा.

कर्नाटकातून आलेल्या स्थळाची पत्रिका वेगळी दिसेल: कडेने बारा चौकोन, मध्य मोकळा. तिथे राशी पक्क्या असतात. वर डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या उजवीकडे मेष, आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढे. लग्न कुठल्या घरात आहे ती खूण शोधायची आणि तिथून मोजायचं.

*ताळा:* कुंडली झाली की हे तपासा.
सूर्योदयाचा जन्म असेल तर रवी पहिल्या स्थानाशी, दुपारचा तर दहाव्याशी, सूर्यास्ताचा सातव्याशी, मध्यरात्रीचा चौथ्याच्या आसपास. आपलं बाळ सव्वादहाचं, रवी अकराव्यात, बरोबर.
बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून तो रवीच्याच किंवा शेजारच्या राशीत. शुक्र फार तर दोन राशी दूर.
राहू आणि केतू समोरासमोर.
दोघांचे अंश मेषेच्या आरंभापासून मोजा आणि चंद्रातून रवी वजा करा: १८८ अंश ४० कला उणे १०० म्हणजे ८८ अंश ४० कला. भागिले १२ केले की सात पूर्ण, आठवी चालू. शुक्ल अष्टमी. पंचांगात अष्टमी नसेल तर कुठेतरी आकडा चुकलाय.

माझ्या ६-२० च्या पत्रिकेत रवी पहिल्या स्थानात होता आणि आई दिवेलागण म्हणत होती. हा ताळा आईला विचारून आधीच केला असता तर दोन वर्षं वाचली असती.

टप्पा ५: आता संगणक उघडा

तीच माहिती भरा आणि वहीतल्या कुंडलीशी जुळवा. भरण्याआधी मांडणी तपासा: गाव, वेळेचा फरक साडेपाच तास, अयनांश, आणि राहू मध्यम (सरासरी गतीने काढलेला) की स्पष्ट (प्रत्यक्ष जागेचा). सकाळ-संध्याकाळची खूणही बघा, तिथे फसणारे कमी नाहीत. राशी जुळल्या पाहिजेत. लग्नरास वेगळी आली आणि लग्न राशीच्या काठावर नसेल, तर चूक शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. ते राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन अंशांत असेल तर पानावर "लग्न संधीवर" असं लिहा. त्या पत्रिकेवर अभ्यास करू नका, दुसरी घ्या.

घरातल्या पाचही पत्रिका अशा दोनदा झाल्या पाहिजेत, एकदा हाताने, एकदा यंत्राने.

टप्पा ६: पाठांतर

इथे फार वेळ घालवू नका. राशिस्वामी, उच्च-नीच राशी, बारा स्थानांचे विषय, दृष्टी. सगळे ग्रह सातव्या घराकडे बघतात. मंगळ शिवाय चौथ्या-आठव्याकडे, गुरू पाचव्या-नवव्याकडे, शनी तिसऱ्या-दहाव्याकडे. तक्ता करून माजघराच्या भिंतीवर लावा, पंधरा दिवसांत होतं.

नावरास आणि जन्मरास (जन्मवेळी चंद्र ज्या राशीत ती) यांची गल्लत होऊ देऊ नका. हाक मारायचं नाव आवडीने ठेवलेलं असतं. त्याच्या आद्याक्षरावरून काढलेली रास जन्मरास असेलच असं नाही. आणि इंग्रजी मासिकांतली रास सूर्याची, तीही वेगळ्या आरंभबिंदूपासून मोजलेली. ती इथे आणूच नका.

टप्पा ७: दशा काढा

दशा म्हणजे आयुष्याचे एकेका ग्रहाला वाटून दिलेले कालखंड. विंशोत्तरी दशा १२० वर्षांची: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. जन्मनक्षत्राच्या स्वामीपासून सुरुवात.

आपल्या बाळाचा चंद्र तूळ ८ अंश ४० कला. स्वाती तुळेच्या ६ अंश ४० कलांना सुरू होतं, म्हणजे नक्षत्राचे २ अंश झाले. पहिलं चरण, नावाचं आद्याक्षर "रू". नक्षत्र १३ अंश २० कलांचं, त्यातले २ म्हणजे १५ टक्के गेले, ८५ टक्के राहिले. स्वातीचा स्वामी राहू; १८ वर्षांचे ८५ टक्के म्हणजे १५ वर्षं, ३ महिने, १८ दिवस शिल्लक.

आता हाच चंद्र रेवतीपक्षाने ४ अंश पुढे धरा. नक्षत्राचे ६ अंश जातात, शिल्लक ९ वर्षं ११ महिने. त्याच बाळाला गुरूची दशा पाच वर्षांहून अधिक आधी लागते. अयनांश पहिल्या पानावर लिहायला मी का सांगितलं, ते इथे कळतं. वेळेतल्या दहा मिनिटांच्या चुकीनेही इथे चाळीसेक दिवसांचा फरक पडतो, त्यामुळे "अमुक तारखेला" असं बोलणाऱ्याचं मनावर घेऊ नका.

टप्पा ८: फलित, आणि तेही वहीत

इथपर्यंतचं सगळं तपासता येतं: चंद्र आहे तिथे आहे, तिथी आहे ती आहे. फलिताचं तसं नाही, ती परंपरेने आलेली वाचायची रीत आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या, कुठली कोणाची ते सांगा म्हणून. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढी येतात. मी शिकवते, तरी हे पहिल्याच महिन्यात सांगून टाकते. ऐकून दोघं-तिघं येईनासे होतात, ते बरंच.

ज्यांना तरी शिकायचं आहे त्यांनी असं करावं. ओळखीच्या माणसाकडून अनोळखी माणसाची पत्रिका घ्या; नाव नको, फक्त जन्माची माहिती. तीन विधानं लिहा, तपासता येतील अशी: "थोरला मुलगा", "घरापासून दूर नोकरी". "मनाने चांगला, पण राग येतो" हे विधान नाही, ते सगळ्यांनाच लागू पडतं. तारीख टाका, पान दुमडा, मग विचारा. चुकलेलं खोडायचं नाही. माझ्या वहीत चुकलेली पानंच जास्त आहेत.

कोणाला घाबरवू नका. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानी असला की मंगळाची पत्रिका म्हणतात; बारापैकी पाच स्थानं, म्हणजे दर बारा पत्रिकांत पाच. साडेसाती साडेसात वर्षांची आणि शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे कुठल्याही वेळी गावातल्या चौथ्या माणसाला ती चालू असते. आजारपण, ऑपरेशन, मृत्यू यांवर एक अक्षरही बोलू नका, डॉक्टरकडे पाठवा. खडे सुचवू नका. देवळात कौल लावायची पद्धत वेगळी, तिचा आणि कुंडलीचा संबंध जोडू नका. कोणी "कौल उजवा आलाय, पत्रिकेत पण बघ" म्हणालं तर हात जोडा.

अशा पंचवीस पत्रिका झाल्या की वही घेऊन जाणत्या माणसाकडे जा. तो आधी वहीतला अयनांश, वेळ कशी मिळाली ते, आणि ताळ्याची पानं बघायला मागेल. न मागता थेट फलित सांगायला लागला, तर चहा पिऊन उठा.